वीज कंपनीचा काटा कोण तपासतो?

सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात आमच्या एका नातेवाइकांकडे ऊसतोडीच्या दिवसांत मुक्कामाला गेलो होतो. रात्री जेवणे झाल्यावर काकांनी कपाटातून प्लॅस्टिकची एक पिशवी काढली आणि तिच्यातले दोन कागद माझ्यासमोर ठेवले. एक साखर कारखान्याची वजनपावती आणि दुसरे शेतीपंपाचे वीजबिल. वजनपावतीवर भरल्या ट्रॉलीचे वजन, रिकाम्या ट्रॉलीचे वजन आणि निव्वळ ऊस असे तीन आकडे होते. वीजबिलावर मंजूर भार ५ अश्वशक्ती असा लिहिलेला होता आणि भरायची रक्कम शून्य होती. काका म्हणाले, "ऊस किती गेला ते मला कळतं, काट्याजवळ मी स्वतः उभा असतो. पण ही मोटार वर्षाला किती वीज ओढते, ते कुणी मोजलं? आपल्या मोटारीला मीटरच नाही. आणि पैसेही भरायचे नाहीत, मग हा हिशेब ठेवतं तरी कोण, आणि कशासाठी?"

या प्रश्नाचे उत्तर काकांच्या विहिरीवरून निघून थेट राज्याच्या वीजदरापर्यंत जाते. २८ मार्च २०२५ रोजी महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने महावितरणसाठी पुढच्या पाच वर्षांचा दर आदेश दिला, काही दिवसांतच त्याला स्थगिती मिळाली आणि कंपनीच्या पुनर्विलोकन अर्जावर २५ जून रोजी नवा आदेश आला. बातम्या वाचणारा सामान्य ग्राहक या घडामोडींनी गोंधळून गेला असेल तर त्यात नवल नाही. तारा त्याच, खांब तेच, मग तीन महिन्यांत दर बदलतो कसा? याचे कारण असे, की विजेचा दर ठरतो तो कंपनीने आयोगापुढे मांडलेल्या आकड्यांवरून आणि त्यांतले कोणते आकडे आयोगाने मान्य केले यावरून. म्हणूनच वीज कंपन्यांनी कोणती माहिती, कुणाला आणि कधी द्यायची याचे नियम प्रत्येक वीज ग्राहकाच्या खिशाशी संबंधित आहेत.

## दारात एकच तार

भाजीवाल्याने दर जास्त सांगितला तर आपण पुढच्या पाटीकडे वळतो. विजेच्या बाबतीत तशी सोय नाही. विटा असो, कराड असो वा जत, घरगुती ग्राहकाच्या दारात एकाच कंपनीची तार येते, कारण एकाच रस्त्यावर चार कंपन्यांनी आपापले खांब रोवणे कुणालाच परवडणारे नाही. जिथे दुकान एकच आहे तिथे भाव दुकानदाराच्या मर्जीवर सोडता येत नाही, म्हणून कायद्याने ते काम आयोगाकडे दिले. ज्या धंद्यात दर, नफा आणि सेवेचा दर्जा असा त्रयस्थ अधिकारी ठरवतो, त्याला नियंत्रित बाजार म्हणतात.

पण आयोगाकडे स्वतःचे उपकेंद्र नाही, वायरमन नाही आणि रीडिंग घेणारा माणूसही नाही. कोळसा कितीला घेतला, तारांत किती वीज वाया गेली, किती तास पुरवठा बंद होता, हे सारे त्याला प्रामुख्याने कंपनीच्याच कागदांवरून कळते. ज्याचा हिशेब तपासायचा त्याच्याकडूनच वही मागून घ्यायची, अशी ही परिस्थिती आहे.

ऊस पिकवणाऱ्या माणसाला ही अडचण वेगळी समजावून सांगायला नको. उसाचा रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, उताऱ्यावर, म्हणजे उसातून किती टक्के साखर निघाली यावर ठरते. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये ठरवले आणि त्यावर दर ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे वाढीव धरले. वजन शेतकरी काट्यावर डोळ्यांनी बघू शकतो, पण उतारा कारखान्याच्या प्रयोगशाळेतून येतो. कागदावर तो अर्धा टक्का कमी लागला, तर टनामागे १७३ रुपयांचा फरक पडतो, आणि शेतात उभ्या असलेल्या माणसाला तो दिसतही नाही. काटामारीविरुद्ध आपल्या भागात आंदोलने झाली, कारण काटा निदान दिसतो. विजेच्या धंद्यात काटा आणि उतारा दोन्ही कंपनीच्या कुंपणाच्या आत असतात. म्हणून ते कुंपण उघडायला लावणारे नियम करावे लागले.

## शंभर युनिट घेतले, पंच्याऐंशी विकले

दर कसा ठरतो, हे एका छोट्या हिशेबातून पाहू. समजा, एका वितरण कंपनीने १०० युनिट वीज ५ रुपयांनी विकत घेतली, म्हणजे ५०० रुपये झाले. पगार, दुरुस्ती, कर्जाचे व्याज आणि ठरवून दिलेला परतावा मिळून आणखी १०० रुपये. एकूण ६०० रुपये तिला ग्राहकांकडून वसूल करायचे आहेत. या रकमेला वार्षिक महसुली गरज म्हणतात.

आता ही रक्कम किती युनिटांवर वाटायची? घेतलेल्या १०० युनिटांतले काही तारांच्या उष्णतेत जातात, काही रोहित्रांत, म्हणजे आपण ज्याला डीपी म्हणतो त्यात जातात आणि काही चोरीला जातात. या तुटीला वितरण हानी म्हणू. हानी १५ युनिट असेल तर ६०० रुपये ८५ युनिटांवर वाटले जातील आणि युनिटचा दर ७ रुपये ६ पैसे पडेल. हानी २० युनिट असेल तर तोच दर ७ रुपये ५० पैसे होईल. हानीचा आकडा पाच युनिटांनी हलला, की प्रत्येक प्रामाणिक ग्राहकाच्या युनिटमागे ४४ पैसे वाढले.

म्हणून आयोग हानीचे उद्दिष्ट ठरवून देतो. उद्दिष्ट १५ असताना प्रत्यक्ष हानी २० झाली, तर वरच्या पाच युनिटांचा सगळा भार ग्राहकांवर टाकता येत नाही. तो कंपनीला सोसावा लागतो. हा नियम न्याय्य आहे, पण त्याच्या पोटातच एक मोह दडलेला आहे. हानी जास्त दाखवली तर कंपनीला तोटा, आणि विक्री जास्त दाखवली तर हानी आपोआप कमी दिसते. ज्या विक्रीला मीटर आहे ती फुगवणे अवघड असते. ज्या विक्रीला मीटरच नाही, तिचे काय? काकांच्या प्रश्नाकडे आपण इथूनच वळणार आहोत, पण त्याआधी आणखी एक गोष्ट समजून घ्यायला हवी.

वर्ष सुरू होण्याआधी ठरलेला दर हा अंदाज असतो. पाऊस किती पडेल, कोळसा कितीला मिळेल, हे आधी कुणाला कळणार? वर्ष संपल्यावर प्रत्यक्ष खर्च आणि उत्पन्नाचे लेखापरीक्षित आकडे आयोगाकडे जातात, आयोग ते तपासतो आणि तूट किंवा शिल्लक पुढच्या दरांत धरतो. या अंतिम हिशेबाला ट्रू-अप म्हणतात. ऊस गेल्यावर पहिली उचल मिळते आणि हंगाम संपल्यावर हिशेब होऊन शेवटचे बिल निघते, तसाच हा प्रकार आहे. फरक इतकाच, की इथे शेवटचे बिल ग्राहकाला द्यावेही लागू शकते. विजेच्या खरेदीखर्चातला मधला चढउतार मात्र वर्षभर थांबत नाही. तो इंधन समायोजन आकार म्हणून बिलात येतो, आणि त्याचा हिशेबही कंपनीला आयोगाकडे तपासणीसाठी द्यावा लागतो. बिल हातात आले की एकूण रक्कम बघून आपण ते बाजूला ठेवतो. पुढच्या वेळी स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार आणि इंधन समायोजन आकार या चार ओळी वेगवेगळ्या वाचून पाहाव्यात. त्यांतल्या प्रत्येक ओळीमागे आयोगाकडे गेलेल्या तक्त्यांचा एक गठ्ठा असतो.

## कोणता कागद कुणाच्या टेबलावर

महाराष्ट्रात आयोग स्थापन झाला ५ ऑगस्ट १९९९ रोजी, १९९८ च्या कायद्याखाली. पुढे विद्युत कायदा, २००३ आला आणि ६ जून २००५ रोजी जुन्या वीज मंडळाचे विभाजन होऊन वीज तयार करणारी महानिर्मिती, ती उच्चदाबाने वाहून नेणारी महापारेषण आणि घरोघरी पोचवणारी महावितरण अशा कंपन्या झाल्या. पूर्वी सारे एकाच भांड्यात शिजत असे. वीजनिर्मिती केंद्रातला अपव्यय कुठे संपतो आणि तारांतली गळती कुठे सुरू होते, हे बाहेरच्याला ओळखू येत नसे. कायद्याच्या कलम ६२ ने आयोगाला निर्मिती, पारेषण आणि वितरण यांचा तपशील वेगवेगळा मागण्याचा अधिकार दिला. माहितीच्या दृष्टीने मला हे कलम या कायद्यातले फार मोठे पाऊल वाटते.

दराच्या अर्जाबरोबर जाणारे तक्ते आयोगाकडे जातात. सेवेच्या दर्जाचा अहवाल कलम ५९ खाली आयोगाकडेच जातो, आणि तो वर्षातून निदान एकदा प्रसिद्ध करण्याची जबाबदारी आयोगावर आहे. देशभराची आकडेवारी केंद्रीय विद्युत प्राधिकरण गोळा करते. कलम ७४ प्रमाणे ती देणे परवानाधारक कंपन्यांना, निर्मिती कंपन्यांना आणि स्वतःपुरती वीज तयार करणाऱ्यांनाही बंधनकारक आहे. म्हणजे बगॅसवर, उसाच्या चिपाडावर, वीज करणारा आपला साखर कारखानाही या जाळ्याबाहेर नाही. शिवाय २०२१ पासून ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या नियमांनुसार वितरण कंपन्यांना दर तिमाहीला घेतलेल्या आणि विकलेल्या विजेचा ताळेबंद द्यावा लागतो आणि वर्षातून एकदा त्याचे ऊर्जा लेखापरीक्षण करून घ्यावे लागते.

एकच माहिती अनेक ठिकाणी कशासाठी, असे वाटेल. तिचा खरा उपयोग आकडे एकमेकांवर ताडून पाहण्यात आहे. महानिर्मितीने अमुक युनिट दिले म्हणायचे आणि महावितरणने तमुक घेतले म्हणायचे, यांत विसंगती असेल तर ती लपत नाही. कोयनेचे उदाहरण घ्या. या प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉट आहे, पण पाणीवाटप लवादाच्या निवाड्याने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली आहे. किती पाणी वळवले याची नोंद एका खात्याकडे आणि किती युनिट तयार झाले याची नोंद दुसरीकडे होते. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की तपासणाऱ्याला तिसऱ्या साक्षीदाराची गरज राहत नाही.

## दिवसाचे ९६ तुकडे

काही माहिती वर्षाने, काही महिन्याने, तर काही पंधरा-पंधरा मिनिटांच्या हिशेबाने द्यावी लागते. पाटण तालुक्यातले वनकुसवडे पठार किंवा कवठेमहांकाळकडचे ढालगाव इथल्या पवनचक्क्या रस्त्यावरून जाताना आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. त्या पात्यांमागे रोज एक वेळापत्रक चालते. वीज साठवून ठेवणे महाग आहे, त्यामुळे ज्या क्षणी मागणी असेल त्याच क्षणी तेवढीच वीज तयार व्हावी लागते. हा तोल राज्य भार प्रेषण केंद्र सांभाळते, आणि त्यासाठी दिवसाच्या चोवीस तासांचे पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे केलेले असतात. प्रत्येक तुकड्यात किती वीज येईल, याचा अंदाज आदल्या दिवशी कळवावा लागतो आणि वारा बदलला की तो सुधारून पुन्हा द्यावा लागतो. पवन आणि सौर ऊर्जेसाठी आयोगाने याचे नियम २०१८ साली केले. अंदाज आणि प्रत्यक्ष वीज यांतला फरक ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला, तर त्याचे पैसे मोजावे लागतात.

लग्नाच्या पंगतीत आचाऱ्याला वेळेवर माणसांचा आकडा लागतो, तसे हे आहे. पाचशे पाने सांगून तीनशेच उठली तर अन्न वाया जाते आणि सातशे आली तर पाहुणे उपाशी राहतात. विजेच्या पंगतीत पाहुणे उपाशी राहणे म्हणजे भारनियमन, किंवा ऐनवेळी महागड्या दराने केलेली खरेदी. त्यामुळे खोटा किंवा निष्काळजी अंदाज ही कागदी चूक राहत नाही, तिचे पैसे कुणीतरी भरतोच.

## मीटर नसलेली मोटार

आता काकांच्या मोटारीकडे. या साऱ्या विषयातला सर्वांत नाजूक आकडा तिच्यापाशी आहे.

कायद्याचे कलम ५५ सांगते, की कायदा लागू झाल्यापासून दोन वर्षांनंतर अचूक मीटरशिवाय कुणालाही वीज देऊ नये. आयोगाला ही मुदत वाढवता येते. प्रत्यक्षात राज्यातल्या कितीतरी शेतीपंपांची आकारणी आजही अश्वशक्तीवर होते. अशा पंपांनी किती वीज वापरली, याचा अंदाजच करावा लागतो. अंदाजाची सोपी रीत अशी: ५ अश्वशक्ती म्हणजे ३.७३ किलोवॉट. मोटार वर्षात १,००० तास चालली असे धरले, तर ३,७३० युनिट होतात. १,३०० तास धरले, तर ४,८४९ होतात. एका मोटारीमागे १,११९ युनिटांचा फरक, आणि हजार मोटारींमागे ११ लाखांहून अधिक. हे युनिट खरोखर पाण्याबरोबर शेतात गेले, की गळतीत आणि चोरीत गेले, हे त्या तासांच्या आकड्यावरच ठरते. वर सांगितलेला मोह असतो तो इथे.

तास तरी कसे धरणार? आपलाच जिल्हा पाहा. वाळवा-पलूसच्या नदीकाठाला पाटपाण्यावरचा ऊस आहे, तासगावला ठिबकवरची द्राक्षे आहेत आणि जतच्या पूर्व भागात उन्हाळ्यात बोअरचे पाणी खोल जाते तेव्हा मोटारी नुसत्या उभ्या असतात. तिन्हीकडे कागदावर ५ अश्वशक्तीच लिहिलेली असते. त्यात पुन्हा कितीतरी मोटारी जळून दोन-तीनदा रिवाइंड झालेल्या, पाटीवरची अश्वशक्ती एक आणि प्रत्यक्ष ओढ दुसरीच. या सगळ्यांना एकच सरासरी लावली, तर जतच्या कोरड्या बोअरच्या नावावरही वीज चढते.

यावर उपाय माहितीचाच आहे. प्रत्येक मोटारीला मीटर बसेल तेव्हा बसेल, पण उपकेंद्रातून निघणाऱ्या ११ केव्हीच्या फीडरला, म्हणजे एका भागाला वीज नेणाऱ्या मुख्य वाहिनीला, मीटर असतो. शेतीचे फीडर गावठाणाच्या फीडरपासून वेगळे केले, की शेतीकडे एकूण किती वीज गेली, हे वरच्या टोकाला मोजता येते. त्यातून तारांची वाजवी हानी वजा केली की शेतीचा वापर उरतो. ग्राहक संघटना आणि पुण्याच्या प्रयाससारख्या अभ्यासगटांनी हा मुद्दा वर्षानुवर्षे लावून धरला, आयोगाने शेतीच्या वापराचा अभ्यास करायला कार्यगट नेमला, आणि २०२० च्या दर आदेशात कंपनीने सांगितलेला शेतीविक्रीचा आकडा जसाच्या तसा न घेता फीडरच्या माहितीच्या आधारे तो नव्याने काढला. एका आकड्याची चौकशी इतकी वर्षे चालावी लागली, याचे मला वाईट वाटते. पण ती शेवटी मोजमापावर येऊन ठेपली, हे महत्त्वाचे आहे.

## "वीज फुकट आहे, मग मोजायची कशाला?"

हा प्रश्न शेतकरी बांधव मनापासून विचारतात. २०२४ पासून राज्य सरकारच्या बळीराजा मोफत वीज योजनेत साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना बिल भरावे लागत नाही. परंतु कलम ६५ प्रमाणे सरकारला एखाद्या वर्गाला सवलत द्यायची असेल, तर त्या सवलतीची रक्कम सरकारने कंपनीला द्यायची असते. ती रक्कम आपल्याच करांतून जाते आणि ती किती द्यायची हे दाखवलेल्या वापरावर ठरते. शिवाय शेतीचा दर कमी ठेवण्यासाठी उद्योगांकडून आणि दुकानदारांकडून जास्त दर घेतला जातो. म्हणजे काकांच्या मोटारीच्या नावावर जास्त युनिट लागले, तर त्याचा भार कुपवाडच्या कारखान्यावर पडतो, सरकारी तिजोरीवर पडतो, आणि वर "शेतकरी वीज उधळतो" हा ठपका काकांवरच येतो. ज्याला पैसे भरायचे नाहीत, त्यालाही खऱ्या आकड्याची गरज असते ती अशी.

## सरासरीच्या मागे कोण दडते

दराइतकेच सेवेचेही आहे. वर्षभरात एका ग्राहकाला सरासरी किती वेळा आणि किती वेळ अंधारात राहावे लागले, याचे निर्देशांक कंपनीला काढावे लागतात. ठरलेल्या मुदतीत बिघाड दुरुस्त झाला नाही तर ग्राहकाला भरपाई द्यावी लागते, आणि अशी भरपाई किती जणांना किती दिली, हेही कलम ५९ च्या अहवालात सांगावे लागते. या मानकांचे सध्याचे मुख्य विनियम आयोगाने २०२१ साली केले.

इथे वाचकाने एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. समजा, शहरातल्या फीडरवर १,००० ग्राहक आहेत आणि त्यांची वीज महिन्यात २ तास गेली. डोंगराकडेच्या वाडीच्या फीडरवर १०० ग्राहक आहेत आणि त्यांची ४० तास गेली. दोन्ही मिळून सरासरी साडेपाच तासांच्या आत येते. अहवालात साडेपाच तास वाचणाऱ्याला वाडीतले चाळीस तास दिसणारच नाहीत. विट्याच्या यंत्रमागवाल्याला तर पाच मिनिटांचा खंडही महाग पडतो, कारण माग थांबला की धागे तुटतात, ते सांधायला वेळ जातो आणि कापडाला डाग राहतो. त्यामुळे माहिती नुसती देऊन भागत नाही. ती फीडरनिहाय द्यायला हवी, हे माझे आग्रहाचे मत आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत सांगलीत कित्येक भागांत धोका टाळण्यासाठी वीज बंद ठेवावी लागली. अशी नैसर्गिक आपत्ती भरपाईच्या हिशेबातून वगळली जाते आणि ते योग्यही आहे, पण वगळलेले तास कोणते, हेही त्याच तक्त्यात स्पष्ट लिहिलेले असले पाहिजे.

## काही आक्षेप

पहिला आक्षेप कंपन्यांचा असतो: धंद्याची माहिती उघड केली तर ती गुपिते प्रतिस्पर्ध्याला कळतील. याचा काही भाग खरा आहे. निविदा उघडण्यापूर्वीचे दर किंवा एखाद्या ग्राहकाचा खासगी वापर जाहीर होऊ नये. पण वितरणात प्रतिस्पर्धीच नसेल, तर हानी, खरेदीखर्च आणि बिघाड यांत गुपित ते कसले? या बाबतीत महाराष्ट्राने एकदा फार मोठी किंमत मोजली आहे. डिसेंबर १९९३ मध्ये एन्रॉनच्या दाभोळ वीज प्रकल्पाशी वीज मंडळाने खरेदीचा करार केला, तेव्हा राज्यात आयोग नव्हता आणि करारातल्या अटी लोकांपुढे ठेवलेल्या नव्हत्या. वीज घेतली नाही तरी क्षमतेचे पैसे भरण्याचे बंधन किती जड आहे, हे सर्वांना पुढे कळले. २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला आणि त्याच वर्षी माधव गोडबोले समितीला त्या व्यवहाराची तपासणी करावी लागली. आज असा खरेदी करार आयोगाच्या मंजुरीवाचून पुढे जात नाही.

दुसरा आक्षेप असा, की इतके अहवाल करायला माणसे लागतात आणि तो खर्चही शेवटी दरातच येतो. खर्च येतो हे खरे. तो कमी करण्याचा मार्ग म्हणजे एकच आकडा पाच नमुन्यांत पाच वेळा न मागता एकदाच नीट मागणे. मात्र वरच्या हिशेबात पाच युनिटांच्या हानीने युनिटमागे ४४ पैसे वाढले होते. तक्ते भरणाऱ्या कर्मचाऱ्यांचा खर्च त्याच्या जवळपासही जाणार नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: कंपनीने चुकीची माहिती दिली किंवा दिलीच नाही, तर काय? कलम १४२ प्रमाणे दंड आहे, पण तो प्रत्येक उल्लंघनाला १ लाख रुपयांपर्यंत आणि उल्लंघन चालू राहिल्यास दिवसाला ६,००० रुपयांपर्यंत. हजारो कोटींची उलाढाल असलेल्या कंपनीला हा आकडा जाणवण्यासारखा नाही आणि तो वाढायला हवा. आयोगाचे खरे हत्यार वेगळे आहे. ज्या खर्चाचा पुरावा पटत नाही, तो खर्च आयोग दरातून वगळू शकतो आणि मग तो कंपनीच्या पदरचा जातो. जास्त वसुली झाली असेल, तर ती बँक दराइतक्या व्याजासह परत करावी लागते. गंभीर संशय असेल, तर कलम १२८ खाली आयोग चौकशी अधिकारी नेमून कंपनीची दप्तरे तपासू शकतो.

## सुनावणीला जाऊन उपयोग काय?

दराचा अर्ज आला, की त्याचा गोषवारा वर्तमानपत्रांत प्रसिद्ध होतो, लोकांकडून सूचना व हरकती मागवल्या जातात आणि त्यांचा विचार करून आयोगाने अर्ज मिळाल्यापासून १२० दिवसांत आदेश द्यायचा असतो. आपल्याकडच्या लोकांना सुनावणीसाठी पुणे जवळ पडते. तिथे "दर वाढवू नका" एवढेच सांगितले तर ते नोंदले जाते आणि पुढे सरकते. पण "अमुक तक्त्यात कंपनीच्या आमच्या मंडळ कार्यालयाची शेतीविक्री इतकी दाखवली आहे आणि आमच्या फीडरच्या नोंदींशी ती जुळत नाही" असे कुणी लेखी दिले, तर कंपनीला त्याचे लेखी उत्तर द्यावे लागते आणि ते उत्तर आदेशात छापले जाते. महावितरण सरकारी कंपनी असल्याने माहितीच्या अधिकारातही हे आकडे मागता येतात. सांगली जिल्हा कंपनीच्या कोल्हापूर परिमंडळात मोडतो आणि सातारा बारामती परिमंडळात, एवढे लक्षात ठेवले की अर्ज योग्य कार्यालयात जातो.

त्या रात्री काकांनी त्यांची उसाची वही पुढे केली आणि शेवटच्या पानावर आम्ही तीन प्रश्न लिहिले. आपली मोटार कोणत्या फीडरवर आहे आणि त्या फीडरला उपकेंद्रात चालू मीटर आहे का? गेल्या आर्थिक वर्षात त्या फीडरवर किती युनिट सोडले गेले आणि त्यांतले किती शेतीच्या नावावर लावले? ते लावताना ५ अश्वशक्तीच्या मोटारीचे वर्षाला किती तास धरले? तिसऱ्या प्रश्नाखाली काकांनी स्वतःच्या अक्षरात आणखी एक ओळ घातली: "विहीर फेब्रुवारीपासून निम्मी, मोटार दिवसाआड दोन तास." मग पाण्याच्या पाळ्यांची गेल्या वर्षीची पाने उलटून त्यांनी प्रत्येक महिन्याचे तास बेरजेला लावायला घेतले.